गॅलरीतलं ‘रोटेट’ बटण आणि बीएस्सीचा अवघड पेपर

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, गणिताच्या पदवी अभ्यासक्रमाचा नवा मसुदा जाहीर केला आणि गणितवाल्यांमध्ये खळबळ उडाली. हा मसुदा मागे घ्या, अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर ९०० हून जास्त गणितज्ञांनी आणि संशोधकांनी सह्या केल्या. बाहेर चर्चा रंगली ती प्राचीन भारतीय गणिताच्या पेपरांवरून. मला निवेदनातली दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची वाटली: बीजगणित आणि रिअल अ‍ॅनालिसिस हे या विषयाचे कणे आहेत, आणि मसुद्यात नेमकी त्यांचीच जागा आवळलेली आहे.

इथलं बीजगणित म्हणजे शाळेतलं ‘क्ष काढा’ नव्हे. पदवीच्या बीजगणितात शिरताना पहिला दरवाजा लागतो तो ग्रुप थिअरीचा, मराठी पुस्तकांच्या भाषेत गटसिद्धांताचा. आणि गणितात बीएस्सी करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘कुठे गाडी रुळावरून घसरली?’, तर बरेच जण याच पेपरकडे बोट दाखवतील. कारण तो बहुतेक वेळा असा सुरू होतो: एक संच घ्या, त्यावर एक क्रिया घ्या, ती क्रिया चार नियम पाळत असेल तर त्याला गट म्हणा. क्लोजर, असोसिएटिव्हिटी, आयडेंटिटी, इन्व्हर्स. विद्यार्थी चारही पाठ करतो, परीक्षेत लिहितो, मार्क मिळवतो. हे चारच का, पाच का नाहीत, आणि मुळात कुणाला याची गरज पडली, हे तीन वर्षांत कुणी सांगत नाही.

त्यामुळे पेपर एक असावा की तीन, या वादाइतकाच मोठा वाद ‘पहिल्या तासाला काय करायचं’ हा आहे. त्याचं एक चांगलं उत्तर तुमच्या हातातल्या फोनमध्येच आहे.

आठ हालचाली

गॅलरी उघडा. एखादा सेल्फी घ्या आणि क्रॉप करून चौकोनी करा. आता एडिटमध्ये दोन बटणं शोधा: एक फोटो ९० अंशात फिरवणारं आणि एक डावं-उजवं उलटं करणारं, म्हणजे फ्लिप.

आधी फोटो घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा, मग फ्लिप करा. डोकं कुठल्या बाजूला आलं? डावीकडे. आता मूळ फोटोवर परत या आणि क्रम बदला: आधी फ्लिप, मग फिरवणं. डोकं उजवीकडे! तीच दोन बटणं, तोच फोटो, फक्त क्रम वेगळा, आणि निकाल बरोबर उलटा. (तुमच्या फोनचं बटण उलट्या दिशेने फिरवत असेल तर डावं-उजवं अदलाबदल करून वाचा. दोन निकाल वेगळे येतात हे बदलत नाही.) शाळेत २ × ३ आणि ३ × २ सारखेच असतात, म्हणून क्रमाचा विचार करायची सवय आपल्याला लागलेलीच नसते. इथे ती लागते, आणि शिक्षकाने एक शब्द बोलायच्या आत लागते.

आता ही दोन बटणं कितीही वेळा, कुठल्याही क्रमाने दाबत बसा. एकूण किती वेगवेगळी रूपं दिसतील? फक्त आठ. कारण सोपं आहे. फोटोचा वरचा डावा कोपरा चारपैकी कुठल्याही कोपऱ्यात जाऊ शकतो. तो बसला की त्याचा शेजारी कोपरा त्याच्या या बाजूला किंवा त्या बाजूला, एवढे दोनच पर्याय उरतात. चार दुणे आठ. बाकी सगळं आपोआप ठरतं.

हा आठचा आकडा फक्त वहीतला नाही. फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती साठवलेली असते: कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने काढला वगैरे. त्यात ओरिएंटेशन नावाचा एक रकाना असतो आणि त्यात १ ते ८ पैकी एक आकडा लिहिलेला असतो. १ म्हणजे जसा आहे तसा दाखवा, ३ म्हणजे १८० अंश फिरवून दाखवा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखवा, आणि असेच पुढे. तुम्ही फोन उभा धरून फोटो काढता तेव्हा सेन्सर बहुतेक वेळा आपला आडवाच फोटो साठवतो आणि या रकान्यात ६ लिहून मोकळा होतो. कॉम्प्युटरवरचं एखादं जुनं सॉफ्टवेअर हा रकाना वाचत नाही, आणि मग लग्नातली सगळी मंडळी आडवी झोपलेली दिसतात. या रकान्यात नववा आकडा का नाही? कारण नववी हालचाल अस्तित्वातच नाही.

या आठ हालचालींकडे नीट बघितलं की ते चार नियम समोर उभे राहतात. कुठल्याही दोन हालचाली एकापाठोपाठ केल्या तर निकाल आठांपैकीच एक असतो: हे क्लोजर. काहीच न करणं हीसुद्धा एक हालचाल: ही आयडेंटिटी. केलेली प्रत्येक हालचाल परत फिरवता येते: हा इन्व्हर्स. राहिली असोसिएटिव्हिटी, आणि खरी गंमत तिथेच आहे. आठ घटकांचा नुसता तक्ता देऊन ‘हा असोसिएटिव्ह आहे का तपासा’ म्हटलं, तर ८ × ८ × ८ म्हणजे ५१२ तपासण्या होतात. हालचालींच्या बाबतीत एकही लागत नाही. ‘पहिली, मग दुसरी, मग तिसरी’ यात कंस कुठेही टाकला तरी फोटोला त्याचा पत्ता नसतो. जो नियम पाठ करायला सगळ्यात रुक्ष, तो इथे फुकट मिळतो.

रांगोळीला तीन सममिती का नसतात

कुणी म्हणेल, हे सगळं पहिल्या तासापुरतं ठीक, पुढे अवघड प्रमेयं आली की फोटो कुठे पुरणार? पुरतो. उदाहरणार्थ लग्रांजचं प्रमेय. पुस्तकात ते असं भेटतं: सांत गटाच्या उपगटातल्या घटकांची संख्या मूळ गटाच्या घटकसंख्येला निःशेष भाग घालते. वाचून पुढे जावं असं वाक्य.

आता चौकोनात काढलेली रांगोळी घ्या. त्या आठ हालचालींपैकी काही अशा असतील की त्या करूनही रांगोळी जशीच्या तशी दिसेल. त्यांना त्या रांगोळीच्या सममिती म्हणू. साधी अधिक-चिन्हाची नक्षी असेल तर आठही सममिती. भिरभिऱ्यासारखी, सगळी पाती एकाच दिशेने वळलेली असेल तर चार: फिरवणं चालतं, फ्लिप चालत नाही. समईसारखी, फक्त डावी-उजवी बाजू सारखी असेल तर दोन. तुमचा सेल्फी असेल तर एकच, काहीच न करणं.

बरोबर तीन सममिती असलेली चौकोनी रांगोळी काढून दाखवा. जमणार नाही. पाच, सहा, सातही नाही. का?

रांगोळीवर आठही हालचाली एकेक करून लावा आणि किती वेगळी चित्रं दिसतात ते मोजा. भिरभिऱ्याची दोनच दिसतील, एक मूळचं आणि एक उलट्या पात्यांचं, आणि प्रत्येक चित्र बरोबर चार वेळा येईल. समईची चार चित्रं, प्रत्येक दोन वेळा. सेल्फीची आठ, प्रत्येक एकदा. अधिक-चिन्हाचं एकच चित्र, आठ वेळा. म्हणजे दरवेळी वेगळ्या चित्रांची संख्या गुणिले सममितींची संख्या बरोबर आठ. प्रत्येक चित्र सारख्याच वेळा का येतं? एखादं चित्र तुम्हाला एका हालचालीने मिळालं असेल, तर ती हालचाल करण्याआधी रांगोळीची कुठलीही सममिती लावून बघा. सममितीने रांगोळी बदलत नाही, त्यामुळे चित्र तेच येणार. म्हणून जितक्या सममिती, तितक्या वेळा तेच चित्र. आठला तीनने भाग जात नाही, म्हणून तीन सममितींची रांगोळी नाही. इथे सिद्धतेचा गाभा आहे आणि त्यात एकही ग्रीक अक्षर नाही.

आणखी एक पायरी. आठ हालचालींबद्दल फक्त एवढंच विचारा: सेल्फीतल्या टी-शर्टवरची अक्षरं सुलट आहेत की उलट? मध्ये कितीही वेळा फिरवा, फरक पडत नाही. फ्लिप सम वेळा झालं असेल तर अक्षरं सुलट, विषम वेळा झालं असेल तर उलट. आठ जणांचा गट दोन जणांच्या गटात मिटला: सुलट आणि उलट. उलट अधिक उलट म्हणजे सुलट, अगदी विषम अधिक विषम म्हणजे सम यासारखं. याला कोशंट ग्रुप म्हणतात, आणि बहुतेकांची गाडी घसरते ती याच वळणावर.

हे नवं नाही

सममितीपासून सुरुवात करा, असं म्हणणारे बरेच जण होऊन गेले. रशियन गणितज्ञ व्लादिमीर अर्नोल्ड यांनी १९९७ मध्ये पॅरिसमध्ये गणित शिकवण्यावर एक भाषण केलं आणि नियमांची जंत्री देऊन गट शिकवण्याच्या पद्धतीवर जोरदार हल्ला चढवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गट म्हणजे रूपांतरणांचा संच. केलीच्या प्रमेयानुसार कुठलाही अमूर्त गट हा शेवटी कशाच्या तरी रूपांतरणांचा गट म्हणून मांडता येतो, मग आधी अमूर्त शिकवून काय मिळवलं? हे नुसतं बोलणं नव्हतं. १९६३-६४ मध्ये त्यांनी मॉस्कोतल्या शाळकरी मुलांना याच वाटेने नेलं, आणि पाचव्या घाताच्या समीकरणांसाठी सर्वसाधारण सूत्र का नाही इथपर्यंत पोहोचवलं. त्या व्याख्यानांवर अलेक्सेयेव यांनी लिहिलेलं पुस्तक आजही मिळतं.

इतिहासही त्यांच्या बाजूने आहे. १८३२ मध्ये विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मेलेल्या गाल्वाला गट सापडले ते समीकरणाच्या उत्तरांची अदलाबदल करताना. केलीने अमूर्त व्याख्येच्या दिशेने पाऊल टाकलं १८५४ मध्ये. म्हणजे हालचाली आधी, नियम नंतर. आपल्या वर्गात हा क्रम उलटतो, आणि क्रम उलटला की निकाल बदलतो हे आपण मघाशीच पाहिलं.

पुस्तकंही आहेत. भारतात भरपूर वापरलं जाणारं गॅलियनचं पुस्तक चौकोनाच्या याच सममितींपासून सुरू होतं. नेथन कार्टरचं २००९ चं ‘व्हिज्युअल ग्रुप थिअरी’ रुबिक्स क्यूबपासून सुरू होतं. तरी वर्गात आणि नोट्समध्ये काय होतं? पहिलं प्रकरण ‘ओळख’ म्हणून वगळायचं आणि व्याख्येवर उडी मारायची. परीक्षेत रांगोळी विचारत नाहीत ना!

जिथे चौकोन दिसत नाही

पण अर्नोल्ड यांचं शंभर टक्के ऐकावं असं मला वाटत नाही. कारण तुमच्याच फोनमध्ये असे गट आहेत ज्यांचं चित्र काढताच येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही मेसेज पाठवता तेव्हा दोन फोन आधी एक गुप्त किल्ली ठरवतात. त्यासाठी कर्व्ह२५५१९ नावाच्या वक्रावरच्या बिंदूंचा गट वापरला जातो. दोन बिंदूंची ‘बेरीज’ करण्याचा एक नियम आहे, आणि त्या बेरजेचा जो गट वापरात येतो त्याची सभासदसंख्या ७६ अंकी आहे. यात फिरवण्यासारखं किंवा फ्लिप करण्यासारखं डोळ्यांना काही दिसत नाही. तरी लग्रांजचं प्रमेय इथेही तसंच्या तसं लागू होतं, आणि एन्क्रिप्शन सुरक्षित आहे की नाही हे तपासताना उपगट किती मोठे आहेत हे बघावंच लागतं. रांगोळीवर जे कळलं ते ७६ अंकी गटावर वापरता येतं, कारण मधल्या काळात कुणीतरी चार नियम वेगळे काढून ठेवले. अमूर्तता लागते ती इथे. भविष्यातले क्वांटम कॉम्प्युटर हेच कुलूप तोडू शकतील म्हणून अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची तीन मानकं जाहीर केली. ती समजून घ्यायलाही बीजगणितच लागतं.

एआयमध्येही तसंच. २०१६ मध्ये टाको कोहेन आणि मॅक्स वेलिंग यांनी असं न्यूरल नेटवर्क मांडलं ज्यात ९० अंशांची फिरणी आणि फ्लिप रचनेतच बसवलेली होती: आपल्याच आठ हालचाली, जोडीला चित्र सरकवणं. मांजर आडवं झालं तरी मांजरच, हे नेटवर्कला वेगळं शिकवावं लागत नाही. पण सममिती गृहीत धरताना भानही लागतं. देवनागरीतला ३ फ्लिप केला की साधारण ६ होतो. ‘छत्तीसचा आकडा’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. हाताने लिहिलेले मराठी आकडे ओळखणारं मॉडेल फ्लिप केलेल्या नमुन्यांवर बिनधास्त शिकवलंत, तर ते तीन आणि सहामध्ये गोंधळ घालणारच. आणि अख्खा ३६ आरशात धरलात तर? पुन्हा ३६च!

अडचण कुठे येते

अमेरिकेत पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या शॉन लार्सन यांनी समभुज त्रिकोणाच्या सहा सममितींपासून सुरू होणारा अख्खा अभ्यासक्रम बांधला. विद्यार्थ्यांनी कागदी त्रिकोण फिरवायचा, हालचालींना स्वतः खुणा द्यायच्या, तक्ता बनवायचा आणि गटाचे नियम त्यातून स्वतः शोधायचे. व्याख्या शेवटी येते.

ऐकायला छान, पण त्यात खाचखळगे आहेत. एक नेहमीचा गोंधळ अक्षाचा. त्रिकोण फिरवल्यावर ‘उभ्या अक्षाभोवती फ्लिप’ म्हणजे कुठला अक्ष? कागदावर आखलेला, जो आता तिरका झालाय, की टेबलावरचा, जो जागचा हलला नाही? दोन्ही चालतात, पण एकदा ठरवलं की तेच पाळायचं, नाहीतर तक्ता जुळत नाही. फोनमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण फ्लिप नेहमी स्क्रीनच्या अक्षाभोवती होतं. हीच फोनची सोय आणि हाच धोका: निर्णय ॲपने घेतलेला असतो, आणि तो घेतला गेलाय हे विद्यार्थ्याला कळतच नाही. म्हणून माझं मत, पहिल्या दिवशी कागद कापूनच करावं आणि फोन दुसऱ्या दिवशी काढावा. यूट्यूबवर सममितीची सुंदर ॲनिमेशन बघून ‘कळलं’ वाटणं तर याहून फसवं. बोटांनी न करता हा विषय डोक्यात उतरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. २०२० मध्ये एस्ट्रेला जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा शोधत शिकण्याच्या अमूर्त बीजगणिताच्या वर्गांमध्ये चाचणीत मुलगे मुलींपेक्षा पुढे गेले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर वर्गांमध्ये असा फरक दिसला नाही. मुलींना सममिती कमी कळते असा याचा अर्थ मुळीच नाही. गटात कोण बोलतं, कागद कुणाच्या हातात राहतो, कुणाची कल्पना फळ्यावर जाते, हे सगळं तपासायला हवं. आपल्याकडे बीएस्सीला मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजीत बोलायला बिचकणारी मुलं-मुली भरपूर असतात. ‘आता आपापसांत चर्चा करा’ म्हटलं की तेच चार जण बोलणार. चर्चा मराठीत झाली तर चित्र बरंच बदलेल. फिरवणं, उलटं करणं, परत जागेवर आणणं यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही.

आणि वेळ? बीजगणिताला जितका कमी वेळ, तितका शिक्षकाला व्याख्या-प्रमेय-सिद्धता हा शॉर्टकट मोहाचा. कागद कापायला दोन तास द्यायचे तर अभ्यासक्रमात ते दोन तास हवेत. यूजीसीच्या मसुद्यावरचा वाद म्हणून थेट वर्गापर्यंत पोहोचतो.

शेवटी परीक्षा. ‘गटाची व्याख्या लिहा’ हा प्रश्न आहे तोवर व्याख्या पाठ होणार. त्याऐवजी असं विचारता येईल. वडापावच्या गाडीवरचा यूपीआयचा क्यूआर कोड बघा. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन आहेत, चौथ्यात नाही. चारही कोपऱ्यांत असते तर स्कॅनरला काय अडचण आली असती? आणि तीनच असताना, फक्त त्या चौकोनांकडे बघितलं तर आठपैकी किती सममिती उरतात?

चार असते तर आठही सममिती टिकल्या असत्या आणि कोड कुठून वाचायला सुरू करायचा हे स्कॅनरला त्या चौकोनांवरून कळलं नसतं. तीन असताना दोन उरतात: काहीच न करणं, आणि रिकाम्या कोपऱ्यातून जाणाऱ्या कर्णाभोवती फ्लिप. आठ भागिले दोन, म्हणजे चार चित्रं: रिकामा कोपरा चार ठिकाणी. ती दुसरी सममिती उरल्यामुळेच आरशात उलटा झालेला क्यूआर नुसत्या चौकोनांवरून ओळखू येत नाही. तो वाचायचा तर स्कॅनरला उलट बाजूनेही प्रयत्न करून बघावा लागतो.